वेबसाइटचे फोटो तुमच्या गळ्यात पडलेत? मग हे वाचा

वाचनालय, ग्रामविकास मंडळ, शाळा चालवणारी संस्था, बागायतदारांची सोसायटी, बचत गट, देवस्थान. कोकणात संस्थांना तोटा नाही. त्यातली एखादी वेबसाइट करायचं मनावर घेते. मजकूर चिटणीस लिहितात, खर्चाचं खजिनदार बघतात, आणि "फोटोंचं तू बघ रे" म्हणून उरलेलं काम सभेतल्या सगळ्यात तरुण माणसाच्या अंगावर येतं. हा लेख त्या माणसासाठी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या छोट्या संस्थांसाठी हे काम करताना जे अडलं आणि जे कामी आलं, ते क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पान उघडणारा माणूस बहुधा तुमच्यापैकी कुणालाच ओळखत नाही. तो देणगीदार असेल, पर्यटक असेल, मुंबईत वाढलेली गावचीच नात असेल. तिला तुमचं काम बघायचंय. कार्यकारिणीत कोण कोण आहे, हे नंतर.

आधी हाताशी काय काय हवं

- वेबसाइटवर किती पानं आहेत त्याची यादी, कागदावर लिहिलेली
- बऱ्या कॅमेऱ्याचा मोबाइल आणि लेन्स पुसायला मऊ सुती कापड
- कुठलाही लॅपटॉप. फोटो हलके करायला स्क्वूश (Squoosh) हे ब्राउझरमध्ये चालणारं मोफत साधन पुरतं. जास्त काही करायचं असेल तर गिंप (GIMP) हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, तेही मोफत
- संस्थेच्या लोगोची मूळ फाइल. ती बहुधा लेटरहेड छापणाऱ्या प्रेसवाल्याकडे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पडलेली असते. त्याच्याकडून एसव्हीजी किंवा मोठ्या आकाराची पीएनजी मागून घ्या. लेटरहेडचा फोटो काढून लोगो कापू नका
- परवानगीचे छापील अर्ज (नमुना पायरी ५ मध्ये)
- मूळ फोटो ठेवायला एक हार्ड डिस्क आणि गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर. हे फोल्डर संस्थेच्या ईमेल खात्यावर असावं, तुमच्या खाजगी खात्यावर नको

१. आधी पानं, मग फोटो

बहुतेक जण उलटं करतात. आठशे फोटो जमवतात आणि मग कुठे काय लावू म्हणून डोकं धरून बसतात. यादीतल्या प्रत्येक पानासमोर एकच ओळ लिहा: हे पान बघणाऱ्याला काय दिसायला हवं?

मुखपृष्ठाला एक फोटो, तुमचं काम चालू असतानाचा. फिरत्या चित्रपट्टीचा मोह टाळा. दुसरा फोटो यायच्या आत माणूस खाली सरकलेला असतो. उपक्रमाच्या पानाला दोन-तीन. देणगीच्या पानावर पैसे ज्याला लागणार आहेत ती गोष्ट: गळकं छप्पर, अर्धं बांधून झालेलं वाचनगृह. बँक खात्याचा तपशील मात्र चित्र म्हणून लावू नका, तो कॉपी करता येत नाही. मजकूर म्हणून टाका. क्यूआर कोड पीएनजीतच ठेवा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून स्कॅन करून बघा.

संपर्काच्या पानाला फोटो लागत नाही असं वाटतं. इथेच तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आपल्याकडे नकाशातली खूण खुशाल शेजारच्या वाडीत पडते आणि पत्ता "पारावरून उजवीकडे, मग घाटी उतरून" असा असतो. हमरस्त्यावरून आत वळायचा फाटा आणि संस्थेचं गेट, असे दोन फोटो लावा. लोक फोन करून विचारायचे थांबतात.

२. मूळ फोटो गोळा करा, व्हॉट्सॲपवरचे नकोत

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि बारीक तपशील पुसट होतो. वर तो तीन ग्रुप फिरून आलेला असला तर चेहऱ्यांचं मेण झालेलं असतं. ज्याने काढला त्याच्याकडूनच मागा आणि "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं स्पष्ट सांगा. नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या. समोरच्याला जमत नसेल तर त्याच्या घरी जा, केबल लावा, चहा घ्या, फोटो घेऊन या. वेळ जातो, पण खात्रीचा मार्ग हाच.

आयफोनवाल्यांच्या फोटोंच्या फाइली एचईआयसी प्रकारच्या असतात, त्या सगळीकडे उघडत नाहीत. सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल असं करून ठेवलं की पुढचे फोटो जेपीईजीत येतात.

जुने छापील फोटो हा वेगळाच विषय. कोकणच्या दमटपणात अल्बममधल्या फोटोंना बुरशी धरते आणि फ्रेममधले काचेला चिकटतात. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, किंचित कलता धरून त्याचा फोटो काढा. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका. सुटे फोटो स्कॅन करायचे तर ६०० डीपीआयवर करा. चार बाय सहा इंचांचा फोटो मग २४०० बाय ३६०० पिक्सेलचा मिळतो, म्हणजे स्मरणिकेलाही चालतो. आणि मागची बाजूही स्कॅन करा. तारीख, स्टुडिओचा शिक्का, कुणाच्या तरी हस्ताक्षरातली नावं तिथेच असतात.

३. नवे फोटो काढताना: आपल्याकडचा उजेड

समुद्राकाठी दुपारी आकाश पांढरंफटक येतं आणि माणसं काळी. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, मग उजेडाची खूण किंचित खाली ओढा. त्यापेक्षा सोपं म्हणजे सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. पहिला पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते, त्या दिवसांत काढलेले लांबचे फोटो मे महिन्यातल्या धुरकट फोटोंपेक्षा कितीतरी स्वच्छ येतात.

किनाऱ्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी लेन्सवर खाऱ्या तुषारांची साय धरते. सगळ्या फोटोंवर दुधाळ झाक दिसली की आधी लेन्स पुसा. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका, काचेवर वाफ असते. थोडा वेळ मोबाइल बाहेरच्या हवेत राहू द्या.

रंगांच्या तीन खोड्या ठरलेल्या. पावसाळ्यात पडवीला लावलेल्या निळ्या ताडपत्रीखाली सगळी माणसं आजारी दिसतात. त्यांना कडेला, ताडपत्रीबाहेर आणा. पोफळीच्या बागेत चेहऱ्यांवर हिरवट झाक येते, ती नंतर थोडीफार काढता येते. आणि चिऱ्याच्या भिंती मोबाइल स्वतःच्या हुशारीने इतक्या लालभडक करतो की घर रंगवल्यासारखं वाटतं. रंगाची तीव्रता थोडी कमी केली की जांभा जांभ्यासारखा दिसतो.

पडद्यावरच्या जाळीच्या रेषा चालू ठेवा. समुद्राचं क्षितिज तिरकं असलेला फोटो बघताना नजर सारखी अडखळते.

कातळशिल्पांवर काम करणाऱ्या संस्था आता बऱ्याच आहेत (२०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून जास्तच), म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना कोरलेल्या रेषा दिसतच नाहीत. सकाळी लवकर किंवा मावळतीला, तिरप्या उन्हात, प्रत्येक खोबणीत सावली पडते आणि आकृती उठून येते. फोटोत दिसावी म्हणून रेषांत खडू, रांगोळी किंवा चुना भरू नका. कशेळीच्या हत्तीसारखं मोठं शिल्प जमिनीवरून एका फोटोत मावत नाही. तिथे ड्रोन लागतो. ड्रोनवाल्याला बोलावण्याआधी 'डिजिटल स्काय' या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे ते बघा. ड्रोन नियम २०२१ पासून लागू आहेत आणि "आमचं लग्नातलं शूटिंग नेहमीचंच असतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

शिमग्याच्या पालखीचे रात्रीचे फोटो हलतात, हे गृहीत धरा. पालखी नाचताना जवळ घुसण्यापेक्षा चौथऱ्यावर चढून गर्दीसकट रुंद फोटो घ्या, दिव्यांचा उजेड चेहऱ्यांवर येतो तेव्हा. गाभाऱ्यात फोटो काढायचा की नाही हे मानकरी आणि पुजारी ठरवतील, आधी विचारा. आणि एका वाडीची पालखी लावली नि दुसरीची राहिली तर संध्याकाळपर्यंत फोन येतो, हेही ध्यानात असू द्या.

४. निवड: इथेच खरी कसोटी

पहिल्या फेरीत हललेले, डोळे मिटलेले, एकाच क्षणाचे दहा-दहा काढलेले सगळे बाजूला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फोटो मोबाइलवर लहान करून हात लांब धरून बघा. काय चाललंय ते कळलं तर ठेवा. अर्ध्याहून अधिक इथे गळतात.

आता शाल-श्रीफळाचा प्रश्न. कुठल्याही संस्थेच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये सत्काराचे फोटो सगळ्यात जास्त असतात: टेबल, पाठीमागे फ्लेक्स, एक माणूस वाकून नारळ देतोय, दुसरा कॅमेऱ्याकडे बघतोय. प्रसंग त्या दोघांसाठी मोलाचा आहे, यात वाद नाही. पण नाव झाकलं तर हा फोटो वाचनालयाचा, पतपेढीचा की क्रिकेट मंडळाचा, हे कुणालाही सांगता येणार नाही. असे फोटो बातम्यांच्या पानावर जाऊ द्यात. मुखपृष्ठावर आणि उपक्रमांच्या पानांवर नकोत.

त्याऐवजी काय? काजू प्रक्रिया करणारा बचत गट घ्या. समारंभाच्या फोटोत बायका रांगेत उभ्या असतात, साड्या एकसारख्या, हात जोडलेले. कामाच्या फोटोत एक बाई काजू फोडायच्या मशीनवर बसलीय. पाय पट्ट्यावर, टरफलाच्या तेलाने हातमोज्याची बोटं काळीकुट्ट झालेली, शेजारच्या सुपात पांढरेशुभ्र गर, आणि मशीनच्या पात्यात अर्धा फुटलेला एक बी. या फोटोखाली काही लिहिलं नाही तरी चालेल. गिऱ्हाइकाला इथला माल खरंच हाताने, निगुतीने निघतो हे दिसलं, काम झालं. असा फोटो काढायला त्यांच्या नेहमीच्या कामाच्या वेळी जावं लागतं. "मॅडम, जरा मशीनवर बसून दाखवा" म्हटलं की हात थबकतात आणि नजर कॅमेऱ्याकडे येते.

पदाधिकारी नाराज होतील ही भीती खरी आहे. त्यावर माझा उपाय ठरलेला: 'कार्यकारिणी' असं वेगळं पान करा, तिथे प्रत्येकाचा फोटो सारख्याच चौकोनात, सारख्याच आकारात, शक्यतो एकाच भिंतीसमोर काढलेला. अध्यक्षांचा मोठा आणि सदस्यांचा छोटा असं अजिबात करू नका. एकदा हे पान झालं की मुखपृष्ठावर कुणाचा चेहरा, ही चर्चा आपोआप थंडावते. वीस चेहऱ्यांचा फ्लेक्स जसाच्या तसा वेबसाइटवर चढवायची सूचना सभेत येईलच. तो मोबाइलवर उघडून दाखवा. चेहरे तांदळाएवढे दिसतात, ते बघून सूचना मागे घेतली जाते.

उसन्या फोटोंबद्दल कडक राहा. फुकटच्या साठ्यांत 'आंबा' शोधलं तर जे येतं त्यात हापूस क्वचितच असतो. आणि देठ, खांदा, रंग बघून इथला माणूस लगेच ओळखतो. 'समुद्रकिनारा' शोधलं की पांढरी वाळू, आडवा झुकलेला माड आणि बर्फासारखं निळं पाणी येतं, जे ना गुहागरचं ना वेंगुर्ल्याचं. हाउसबोट दिसली की केरळ. तुमच्या बंदरातली उलांडीची होडी साध्या मोबाइलवर काढलेली असली तरी जास्त कामाची. एआयने बनवलेली चित्रंही याच कारणासाठी नकोत. संस्थेने न केलेलं काम केल्यासारखं दाखवणं म्हणजे विश्वासच गेला.

ऋतू जुळतो का, तेही बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात. जुलैच्या बातमीला भर समुद्रात जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरचा फोटो लावला तर मच्छीमार सोसायटीची वेबसाइट मच्छीमारांच्याच थट्टेचा विषय होते. पर्यटनाच्या पानावर सड्याचा ऑगस्टमधला हिरवागार फोटो लावताना शेजारी मे महिन्यातला करपलेलाही लावा, दोन्हींवर महिना लिहा. पाहुणा येऊन नाराज होण्यापेक्षा ते बरं.

५. हक्क आणि परवानग्या

गूगलवर सापडला म्हणजे फुकट, हा गैरसमज आधी सोडा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क मुळात काढणाऱ्याचा. तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल तर पहिला हक्क तुमच्याकडे येतो. पण मंडळाच्या कार्यक्रमात कुणी हौसेने, विनामोबदला काढले असतील तर ते त्याचे. म्हणून एक ओळ लिहून घ्याच: "हे फोटो संस्थेने वेबसाइट व छापील साहित्यासाठी वापरावेत, माझी हरकत नाही", खाली सही, तारीख. फोटोखाली त्याचं नाव द्या. नाव दिलं की पुढच्या वर्षी तोच माणूस न बोलावता कॅमेरा घेऊन येतो.

किल्ले, पक्षी, फुलं यांचे चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात. तिथे प्रत्येक फोटोखाली परवान्याच्या अटी असतात. 'सीसी बाय-एसए' (क्रिएटिव्ह कॉमन्सचा एक परवाना) असेल तर काढणाऱ्याचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा, काही बदल केला असेल तर तसं नमूद करायचं, आणि बदललेलं चित्र त्याच परवान्याखाली द्यायचं. 'सीसी शून्य' असेल तर बंधन नाही.

माणसांची परवानगी वेगळी. अर्जावर एवढं हवं:

- फोटोतल्या व्यक्तीचं नाव, प्रसंग, तारीख
- फोटो कुठे वापरणार: वेबसाइट, फेसबुक, छापील पत्रक
- "मी सांगेन तेव्हा फोटो काढून टाकला जाईल" हे वाक्य
- सही, १८ वर्षांखालील मूल असेल तर आईची, वडिलांची किंवा पालकाची

शाळेने "पालकसभेत विचारलं होतं" म्हणून भागवू नये, कागद हवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही मुलांच्या बाबतीत पालकांच्याच संमतीला धरून आहे. मुलाचा चेहरा, पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव एकाच ठिकाणी देऊ नका. आरोग्य शिबिरातल्या रुग्णांचे चेहरे नकोत. डॉक्टरांची पाठ आणि रांग पुरते. धान्य किंवा दप्तर वाटपात घेणाऱ्याचा चेहरा मी तरी लावत नाही. देणारे पाच हात दिसले तरी काम कळतं.

आणखी काही सापळे, चटकन. तीन सिंहांची राजमुद्रा खाजगी संस्थेच्या पानावर लावू नका, सरकारी अनुदान मिळत असलं तरी. त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खूण नोंदणी केलेल्या वापरकर्त्यानेच वापरायची. सोसायटीतल्या कुणाकडे ते प्रमाणपत्र आहे ते आधी विचारा. वेळाससारख्या ठिकाणच्या कासव संवर्धनाच्या पानावर पिल्लू तळहातावर घेतलेली सेल्फी नको, फ्लॅश मारून काढलेला फोटोही नको. ते बघून पुढचे शंभर पर्यटक तेच करतात. शिवाय मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. घरट्याच्या फोटोतून ते काढून टाका, तसंच कुणाच्या घरातल्या फोटोतूनही. फोटो हलका करताना ही माहिती बहुधा गळते, पण फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डोकावून खात्री करा.

६. कापा, सरळ करा, मापात आणा

आजचा साधा १२ मेगापिक्सेलचा मोबाइल ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो देतो. वेबसाइटला एवढा लागत नाही. मी वापरतो ती मापं अशी:

- पानाच्या माथ्यावरचा आडवा फोटो: रुंदी १६०० ते १९२०, वजन २५० केबीच्या आत
- मजकुरातला: रुंदी १०००-१२००, वजन १५० केबीच्या आत
- यादीतला छोटा: रुंदी ४००-६००, वजन ५० केबीच्या आत
- व्हॉट्सॲप-फेसबुकवर दुवा पाठवल्यावर दिसणारा: १२०० बाय ६३०

माथ्यावरचा फोटो मोबाइलवर दोन्ही कडांनी कापला जातो. म्हणून महत्त्वाचं जे काही, ते मधल्या भागात असलेला फोटोच तिथे निवडा. एका यादीतले सगळे छोटे फोटो एकाच प्रमाणात कापा, चार बाय तीन किंवा चौकोनी. नाहीतर पान दात पडल्यासारखं दिसतं. लहान फोटो ताणून मोठा करू नका. आणि कापताना कुणाचा अर्धा हात, अर्धं डोकं राहत नाही ना बघा, बायकांना मागच्या रांगेत अर्धवट कापण्याची फार सवय आहे आपल्याला.

७. वजन उतरवा

गावात रेंज कशी असते ते मी सांगायला नको. सरळ हिशोब करा. पानावर १२ फोटो, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे ४८ एमबी. दोन एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला पाव एमबी उतरतो. म्हणजे १९२ सेकंद, तीन मिनिटांहून जास्त. तेच फोटो १२० केबीचे केले तर सगळे मिळून दीड एमबीच्या आत, सहाएक सेकंदांत पान समोर.

स्क्वूशमध्ये फोटो उघडा, आधी रीसाइझमध्ये रुंदी टाका, मग प्रकार 'वेबपी' निवडा आणि गुणवत्ता ७५ च्या आसपास ठेवा. मधली उभी रेघ डावी-उजवीकडे सरकवून मूळ आणि नवा फोटो ताडून बघता येतो. चेहरा, केस आणि पाण्यावरच्या लाटा बघा. तिथे डाग दिसत नाहीत तोवर गुणवत्ता खाली न्यायला हरकत नाही. फोटोंना वेबपी किंवा जेपीईजी, लोगोला एसव्हीजी किंवा पीएनजी. फोटो पीएनजीत ठेवला की वजन विनाकारण कित्येक पट होतं. हा सापळा फार जणांना लागतो.

वर्डप्रेस वापरत असाल तर ते चढवलेल्या फोटोच्या लहान-मोठ्या प्रती स्वतः करतं, आणि २५६० पिक्सेलहून मोठा असेल तर खाली आणतं. म्हणून काहीजण मूळ फोटो तसाच चढवतात. त्याने तुमची होस्टिंगची जागा भरते. आधी हलका करा, मगच चढवा. एसव्हीजी मात्र वर्डप्रेस आपणहून घेत नाही. लोगो पीएनजीत द्या.

८. फाइलीचं नाव

रोमन लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ, रिकामी जागा नाही: गाव, विषय, वर्ष. देवनागरी नाव दिलं तर वेबपत्त्यात त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली लांबच लांब माळ होते आणि दुवा पाठवताना तुटतो. 'फायनल', 'फायनल-नवा', 'फायनल-नवा-खरा' ही परंपरा इथे थांबवा.

९. ऑल्ट टेक्स्ट आणि फोटोखालची ओळ

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोच्या मागे लिहिलेलं वर्णन. दृष्टिहीन वाचक एनव्हीडीए किंवा टॉकबॅकसारख्या, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या वाचक यंत्रावर ते ऐकतात, आणि रेंज गेली की फोटोच्या जागी तेच दिसतं. 'फोटो', 'कार्यक्रम', 'छान क्षण' असं लिहून काही साधत नाही. वरच्या काजूच्या फोटोला: "काजू फोडायच्या मशीनवर काम करणारी महिला, शेजारी सुपात सोललेले गर." एवढं पुरे. 'या फोटोत' अशी सुरुवात नको, वाचक यंत्र आधीच 'चित्र' असं म्हणतं. नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीला हा रकाना रिकामा ठेवा.

वर्णन पानाच्या कामाप्रमाणे बदलतं. सिंधुदुर्ग किल्ल्याचा एकच फोटो. 'कसे याल' पानावर: "मालवण जेटीवरून दिसणारा सिंधुदुर्ग, समोर प्रवासी होड्या." इतिहासाच्या पानावर: "सिंधुदुर्गाची समुद्रातली वळणदार तटबंदी." जे सांगण्यासाठी फोटो लावलाय तेच लिहा.

निमंत्रणपत्रिका चित्र म्हणून लावायची चाल आपल्याकडे पक्की आहे. लावा, पण दिवस, वेळ, ठिकाण खाली मजकुरातही द्या. चित्रातली अक्षरं वाचक यंत्राला दिसत नाहीत, गूगललाही नीट मिळत नाहीत, आणि जेपीईजी जास्त दाबली की सगळ्यात आधी अनुस्वार आणि रफार जातात. प्रेसवाल्याकडून आलेला मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर चिकटवल्यावर अगम्य चिन्हं दिसतील. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. फोटोवर अक्षरं घालायचीच असतील तर खाली गडद पट्टी द्या. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान साडेचारास एक असावा असा संकेत आहे. तो मोजणारी मोफत साधनं मिळतात.

फोटोखालची ओळ लिहिताना नावं पुन्हा पुन्हा तपासा. आडनावातली चूक लोक वर्षानुवर्षं विसरत नाहीत. किल्ल्यांच्या बाबतीत सध्या एक नवा घोळ सुरू झालाय. २०२५ साली मराठा लष्करी वास्तू जागतिक वारशात गेल्या, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या दिसेल त्या किल्ल्याखाली 'जागतिक वारसा' लिहिलेलं आढळतं. त्या बारांमधले कोकणातले पाच: रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. मुरूडचा जंजिरा त्यात नाही. खांदेरी म्हणून उंदेरीचा आणि सुवर्णदुर्ग म्हणून हर्णैच्या कनकदुर्गाचा फोटो लागलेला मी पाहिलाय, तेव्हा माहीतगाराला दाखवूनच लावा.

१०. चढवल्यावर

वायफाय बंद करा आणि साध्या मोबाइलवर, जिथे रेंज कमी आहे तिथे जाऊन पान उघडा. भर उन्हात बघा, माथ्यावरची अक्षरं वाचता येतात का. दुवा स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा, सोबत कुठला फोटो येतो ते तपासा. मग ज्याने वेबसाइट आधी पाहिलेली नाही अशा एखाद्याच्या हातात फोन द्या आणि विचारा, ही संस्था काय करते? उत्तर आलं नाही तर पायरी ४ वर परत.

मूळ फोटो वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये, हलके केलेले वेगळ्या फोल्डरमध्ये. सोबत एक साधं स्प्रेडशीट: फाइलचं नाव, कुणी काढला, परवानगीचा कागद कुठे आहे, कुठल्या पानावर लावलाय. कार्यकारिणी बदलते, तेव्हा हे शीट हस्तांतरात द्या. हार्ड डिस्क डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पावसाळ्यात पुड्या बदला.

कुणी "माझा फोटो काढून टाका" म्हणून फोन केला तर आधी काढून टाका, का ते नंतर विचारा. नुसता पानावरून हटवून भागत नाही, मीडिया लायब्ररीतूनही पुसावा लागतो, नाहीतर थेट दुव्यावर तो तसाच उघडतो. कॅशे, म्हणजे वेबसाइटने साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती, साफ करा. गूगलच्या शोधात तो काही दिवस दिसत राहिला तर कालबाह्य मजकूर हटवण्याची विनंती करायचं गूगलचं पान आहे, तिथे फोटोचा दुवा टाका आणि त्या माणसाला तसं कळवा.